सीडीत अडकलेले हेडसर

रविवारी जेवणं आटोपून घर आडवं झालं, तेव्हा हेडसरांनी सीडी कॉम्प्युटरच्या खणात ठेवली आणि खण आत ढकलला. आत घर्र झालं, मग कुणीतरी दात खावेत तसा आवाज आला आणि सगळं थंड पडलं. त्यांनी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग दरडावून दाबलं. त्या बोटाला शाळेतली पोरं वर्षानुवर्षं घाबरत आली होती. खणाने दाद दिली नाही.

त्या सीडीत काय आहे, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. निवृत्तीनंतर ओळखीपाळखीत कुणीही गेलं की श्रद्धांजलीचं भाषण हेडसरांकडे येई. गेलेला माणूस कसाही असो, भाषण संपेपर्यंत तो थोर झालेला असे. मात्र इतरांची भाषणं ऐकताना हेडसरांच्या जिवाची घालमेल होई. आपल्या वेळी ही मंडळी भाषेची काय दशा करतील, या काळजीने त्यांना घेरलं. अखेर फोटो स्टुडिओत जाऊन त्यांनी स्वतःवरचं भाषण स्वतःच रेकॉर्ड करून घेतलं. स्टुडिओवाल्याने सीडीवर पेनाने ‘श्रध्दांजली’ असं लिहून दिलं. जोडाक्षर चुकलेलं! असली सीडी मागे ठेवून मरणं शक्यच नव्हतं. हेडसरांनी ‘माझ्या पश्चात लावायची श्रद्धांजली’ अशी शुद्ध अक्षरांत कागदाची पट्टी लिहिली आणि डिंकाने वर चिकटवली. तीच आता आत सुटून गुंतली होती.

आरशासमोरचा बायकोचा केसांचा आकडा आणून त्यांनी फटीत घातला. तो आत गेला आणि आतच राहिला.

“काय शोधताय?” मागून हेडसरीणबाईंनी विचारलं.

“आकडा.”

“माझा?”

“होता.”

बाईंनी मुलाला उठवलं. मुलाबरोबर सूनही डोळे चोळत आली.

“कसली सीडी आहे, बाबा?”

“आहे एक. अभ्यासाची.”

“कुणाच्या?”

“माझ्या. तू झोप जा.”

सुनेने वाकून बघितलं. “बटणापाशी बारीक भोक असतं बघा. कॉम्प्युटर बंद करायचा आणि त्यात तार घालून दाबायची.” तिने कागदाची क्लिप सरळ करायला घेतली.

“नको, नको,” हेडसर घाईघाईने म्हणाले. “राहू दे आत. माझी काही तक्रार नाही.”

आजवर हेडसरांची कशाबद्दलच तक्रार नाही, असं कधी झालं नव्हतं. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. सुनेने तार आत रेटली. खट्‌ झालं, खण बोटभर पुढे आला आणि फटीतून कागदाचं टोक बाहेर डोकावलं. मुलाने ते मोठ्याने वाचलं.

“‘माझ्या पश्चात...’”

बाई पलंगाच्या कडेवर बसल्या.

“परवा डॉक्टरकडे एकटेच गेला होतात. काय म्हणाले ते?”

“पडसं आहे म्हणाले.”

“खरं सांगा हो.”

“अगं, पडसंच! नाक बघ माझं.”

“बाबा,” मुलगा म्हणाला, “काही असेल तर आम्हाला सांगायचं नाही तर कुणाला सांगणार?”

हेडसरांनी रुमाल काढून नाक पुसलं. ते पाहून तर मुलाचा धीरच सुटला. त्याने दोन्ही हातांनी खण ओढला. पट्टी फाटली, आकडा जमिनीवर पडला आणि सीडी त्याच्या हातात आली. सुनेने ती पुसून टीव्हीखालच्या प्लेयरमध्ये घातली.

“आज हेडसर आपल्यात नाहीत,” हेडसरांचा धीरगंभीर आवाज आला.

मुलाने वडिलांकडे पाहिलं. ते मान खाली घालून, मन लावून ऐकत होते. शिस्त, व्याकरण, वक्तशीरपणा, शाळेची नवी इमारत. एकेक गुण सांगून होत होता. सुनेने पदर डोळ्यांना लावला. “त्यांच्या पश्चात पत्नी, मुलगा, सून असा परिवार आहे. आता आपण सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू या.”

मुलगा उभा राहिला. सून उभी राहिली. हेडसर तर सवयीने सगळ्यांत आधी उभे राहिले होते. बाई तेवढ्या बसून होत्या.

“आई, ऊठ ना,” मुलगा कुजबुजला आणि मग स्वतःच ओशाळला.

“मी नाही उठायची. एवढ्या मोठ्या भाषणात माझा एक शब्द. ‘पत्नी’. तोही स्वल्पविराम देऊन मिटवला.”

“तशी पद्धतच असते,” हेडसर म्हणाले.

“आणि मी आधी गेले तर?”

“असं बोलू नये.”

“स्वतःचं बोलून ठेवलंत ते चालतं? आता माझ्यावर बोला. आत्ताच. म्हणजे मलाही ऐकायला मिळेल.”

हेडसरांनी घसा साफ केला. व्यासपीठावर ठेवत तसा खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

“आज...” ते म्हणाले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. “आज ही...”

पुढचं क्रियापद त्यांना येईना. मुलगा खिडकीबाहेर पाहू लागला. सून हातातली तार बोटाला गुंडाळत राहिली.

मग बाईंनी हेडसरांच्या हाताला धरून त्यांना शेजारी बसवलं.

“पुरे आता,” त्या म्हणाल्या. “छान बोललात.”