अबू नासरचा फोन

ओमानी माणसाच्या घरी जाताना तोंड कमी उघडायचं, हे तंगराजने आपल्या मेव्हण्याला सकाळपासून अनेकदा बजावलं होतं. आत शिरल्यावर उजवीकडून सुरुवात करून प्रत्येकाशी हात मिळवायचा. कॉफी आली की घ्यायची. कारण नसताना दात काढायचे नाहीत. विचारतील तेवढंच सांगायचं, पण जे सांगायचं ते खरं सांगायचं. तंगराज मस्कतजवळच्या सीबमधल्या एका बेकरीची गाडी चालवायचा. घरोघरी पाव पोचवून पोचवून त्याला ओमानी रीतिरिवाजांची बरीच माहिती झाली होती आणि ती सांगायला मेव्हण्याइतका हक्काचा श्रोता त्याला आजवर मिळाला नव्हता.

हा मेव्हणा म्हणजे इळंगो. तिरुनेलवेलीकडचा. एसी दुरुस्तीचं रीतसर शिक्षण घेतलेला आणि सुरतेला दोन वर्षं काम केल्यामुळे कामापुरतं हिंदी येणारा. भेटीच्या व्हिसावर तो अक्काकडे आला होता, आणि तो व्हिसा आता संपत आला होता. जिथे जावं तिथे एकच प्रश्न, आखातातला अनुभव आहे का. नोकरी मिळाल्याशिवाय हा अनुभव कुठून आणायचा, ते मात्र कुणी सांगत नव्हतं. पूंगोडी अक्का काही बोलायची नाही. पण त्याच्या ताटात डोसे वाढत चालले होते आणि त्यावरून तिला आपली किती काळजी वाटतेय हे त्याला कळत होतं.

शेवटी तंगराजनेच वाट काढली. त्याच्या पावाच्या गिऱ्हाइकांत अबू नासर नावाचा एक गृहस्थ होता. त्याची एसी दुरुस्तीची कंपनी होती. तंगराजने मेव्हण्याचा नंबर दिला आणि आदल्या संध्याकाळी खुद्द अबू नासरचा फोन आला. तो हिंदीत भराभरा बोलला. घरातला एसी दोन दिवस बंद आहे, भट्टीत बसल्यासारखं झालंय, सगळ्यांना फोन करून झाले, कुणी फिरकत नाही. आपलीच माणसं, पण जुलै महिन्यात त्यांना गिऱ्हाइकांतून सवड नाही. त्यातला एक तर रजेवर गेला तो परतलाच नाही, त्याची जागा रिकामी आहे. उद्या दुपारी अस्रच्या नमाजानंतर घरी ये, काम जमलं तर जागा तुझी.

दुसऱ्या दिवशी तंगराजने त्याला गाडीतून त्या वस्तीच्या तोंडाशी सोडलं आणि तो पाव वाटायला निघून गेला. इळंगोने हत्यारांची पिशवी खांद्याला मारली आणि कोपऱ्यावरच्या दुकानात कोया नावाच्या मल्याळी दुकानदाराला अबू नासरचं घर विचारलं. कोयाने आधी खिन्न चेहरा केला, मग छातीवर हात ठेवला.

"त्या गाड्या दिसतायत ना, तेच घर," तो म्हणाला. "जाऊन ये बाबा. सगळे तिथेच चाललेत."

सगळे तिथेच चाललेत हे ऐकून इळंगो झपाझप निघाला. दारात पाहिलं तर चपलांचा खच. एका जागेसाठी एवढे उमेदवार? त्यात सगळेच्या सगळे ओमानी, पांढऱ्या झग्यांतले. सरकार हल्ली आपल्या लोकांना आधी नोकऱ्या देतं हे त्याने ऐकलं होतं, पण सत्तरीचे म्हातारेही एसी दुरुस्तीसाठी रांगेत बसतील असं वाटलं नव्हतं. भिंतीला टेकून सगळे ओळीने बसलेले. कुणी हसत नव्हतं, कुणी फारसं बोलत नव्हतं. सगळ्यांनीच मुलाखतीची धास्ती घेतलेली दिसत होती. इळंगोला जरा धीर आला.

त्याने उजवीकडून सुरुवात करून एकेकाशी हात मिळवला. प्रत्येकजण त्याचा हात दोन्ही हातांत घेऊन हळू आवाजात काहीतरी म्हणायचा. एवढ्या प्रेमाने वागणारे प्रतिस्पर्धी त्याने सुरतेत पाहिले नव्हते. ओळीच्या मध्यावर एक दाढीवाले आजोबा बसले होते. त्यांनी त्याला जवळ बसवून घेतलं, कॉफी दिली, पुढे खजूर सरकवले. त्यांचं नाव खलफान. उभा जन्म हिंदुस्तानी व्यापाऱ्यांबरोबर काढल्यामुळे त्यांचं हिंदी इळंगोपेक्षा चांगलं होतं. हेच मॅनेजर असणार, असं इळंगोने ठरवून टाकलं.

"अबू नासर कुठे आहेत?" त्याने अदबीने विचारलं.

"गेले," खलफान म्हणाले आणि त्यांनी उसासा टाकला.

"हरकत नाही. मी थांबतो."

आजोबांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. दु:खाने माणसाचं भान सुटतं, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि आमच्या भावाची तुझी ओळख कुठली, असं विचारलं. इळंगो म्हणाला की ओळख अशी नाही, प्रत्यक्ष भेटच झाली नाही, फक्त काल संध्याकाळी फोनवर बोलणं झालं.

"काल?"

"हो. त्यांनीच केला होता."

खलफानांच्या हातातली कॉफीची वाटी तोंडापर्यंत गेली होती ती तिथेच थांबली. समोर अबू नासरचे दोघे मुलगे, नासर आणि हिलाल, बसले होते. नासरला हिंदी कळत होतं. तो हळूहळू गुडघ्यांवर सरकत पुढे आला. शेजारच्या एका जाडजूड चुलत्याने खजूर चावायचा बंद केला. काय म्हणाले अबू नासर, असं खलफानांनी अगदी बारीक आवाजात विचारलं. तंगराजचा सल्ला इळंगोच्या ध्यानात होता. विचारतील तेवढं सांगायचं आणि खरं सांगायचं.

"म्हणाले, फार उकडतंय. भट्टीत बसल्यासारखं झालंय."

नासरने ते बाकीच्यांना अरबीत सांगितलं. कोपऱ्यातला एसी तर नीट चालू होता; बंद पडलेला आतल्या खोलीत असणार, असं इळंगोने धरलं. कुणीतरी पुटपुटत देवाची क्षमा मागितली.

"कधीपासून?" खलफानांनी विचारलं.

"काल दोन दिवस झाले म्हणाले. म्हणजे आज तीन."

अबू नासर वारले त्याला त्या दिवशी बरोबर तीन दिवस झाले होते. हिलालने दोन्ही हातांनी डोकं धरलं. इळंगोला वाटलं, यांना या गोष्टीचा पत्ताच नव्हता की काय. म्हणून त्याने पुढचंही सांगून टाकलं. ते सगळ्यांना बोलावताहेत, पण कुणी फिरकत नाही याचं त्यांना वाईट वाटतंय. आणि तिथे एक जागा रिकामी आहे, तू लवकर ये, असंही म्हणाले.

हे शेवटचं भाषांतर ऐकल्यावर जाडा चुलता जागेवरून उठला आणि दाराजवळ जाऊन बसला.

खलफान मात्र धीराचे होते. ते थोडे पुढे वाकले आणि त्यांनी विचारलं, "तू जाणकार दिसतोस. मग आता यावर उपाय काय?"

मुलाखत सुरू झाली, हे इळंगोने ओळखलं. तो सावरून बसला. या हवामानात असं होतंच, तो म्हणाला. वर्षानुवर्षं कुणी लक्ष देत नाही, आत घाण साठत जाते, वरून काही दिसत नाही. मग एक दिवस अचानक सगळं बंद पडतं. आधी आतली घाण धुऊन काढावी लागते.

"खरं आहे," खलफान खाली मान घालून म्हणाले. "आपल्या सगळ्यांचंच तसं आहे."

"पण नक्की काय झालंय ते उघडून बघितल्याशिवाय सांगता येणार नाही," इळंगो म्हणाला आणि आपली तयारी दिसावी म्हणून त्याने पिशवीतून पाना काढून गालिच्यावर ठेवला.

हिलाल किंचाळला नाही, एवढंच. नासर उभा राहिला आणि कापऱ्या आवाजात म्हणाला की उघडायबिघडायचं काही नाही, वडिलांच्या नावाने तो मशिदीबाहेर थंड पाण्याचा कूलर बसवेल, येणारा-जाणारा पाणी पिईल आणि त्याचं पुण्य वडिलांना पोचेल. हिलाल म्हणाला, एकाने काय होणार, दुसरा मी बसवतो. दाराजवळचा चुलता म्हणाला, तिसरा माझा, आणि एवढ्यावर भागत असेल तर कृपा करून मला फोन करू नका म्हणावं.

इळंगोला अरबीतला फक्त कूलर हा शब्द कळला. त्याला वाटलं, बाकीचे उमेदवार एसीऐवजी स्वस्तातला कूलर गळ्यात मारू पाहताहेत. आता गप्प बसून चालणार नव्हतं.

"कूलरने काही होणार नाही," तो ठामपणे म्हणाला. "त्यांना जितका त्रास होतोय त्याला तो पुरायचा नाही."

नासरने याचं भाषांतर करायचंच टाळलं.

तेवढ्यात दारातून एक धिप्पाड गृहस्थ आत आले. झगा घामाने पाठीला चिकटलेला, मानेवर ओला रुमाल. ते शेजारच्याच घरात राहत होते. रीतीप्रमाणे सगळे उठून उभे राहिले आणि सगळ्यांनी 'या, अबू नासर' म्हणून त्यांचं स्वागत केलं. इळंगोला अरबी कळत नसलं तरी नाव कळलं. त्याला एकदम सुटल्यासारखं वाटलं आणि तोही पाना हातात घेऊन उभा राहिला.

पाहुण्यांनी बसता बसता उशीर झाल्याबद्दल माफी मागितली. अबू नासर म्हणजे नासरचा बाप; दोन्ही घरांतल्या थोरल्या मुलांची नावं नासरच असल्यामुळे या गल्लीत आजवर दोन अबू नासर सुखाने नांदत होते. पैकी जिवंत अबू नासरने एसीच्या वाऱ्यापुढे मान लांब केली आणि तो सांगू लागला की घरात तीन दिवस भट्टी पेटली आहे, काल एका हिंदी पोराला फोन करून एवढं विनवून सांगितलं, त्याची वाट बघत बसलो, पण त्या गाढवाचा अजून पत्ता नाही.

खोलीतली सगळी डोकी एकदम इळंगोकडे वळली.

आधी खलफानांची दाढी हलली. मग खांदे हलले. त्यांनी डोक्यावरच्या फेट्याचं टोक तोंडात कोंबलं, पण उपयोग झाला नाही. नासर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. हिलालच्या डोळ्यांत तीन दिवस नुसतं पाणीच होतं, ते आता निराळ्या कारणाने गालांवरून वाहू लागलं. दाराजवळचा चुलता तर गालिच्यावर आडवाच झाला. आपण काय विनोद केला, हे न कळून जिवंत अबू नासर सगळ्यांकडे पाहत राहिला.

हसू ओसरल्यावर खलफानांनी इळंगोला हे घर कुणाचं आणि इथे माणसं कशाला जमली आहेत ते हिंदीत समजावून सांगितलं. ते ऐकताना इळंगोला वाटलं की आता आपल्यालाच कुठेतरी पुरून घ्यावं. आपण इतका वेळ काय काय बोललो ते त्याला एकेक आठवत गेलं. पाना त्याने पाठीमागे लपवला. हात जोडले, मग इथे हात जोडत नाहीत हे आठवून सोडले, मग पुन्हा जोडले. अक्काचं तोंड कसं बघायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. त्या रिकाम्या जागेची आशा तर त्याने सोडूनच दिली.

"बस," खलफान म्हणाले. "आणखी एक कॉफी घे, मग जा शेजारी. तिथलं मात्र उघडून बघ."

जिवंत अबू नासर त्याला शेजारच्या घरी घेऊन गेला. इळंगोने बाहेरचं युनिट उघडलं. कपॅसिटर जळालेला होता. सुदैवाने कंपनीच्या मालकाच्या घरात नव्या कपॅसिटरचं खोकं होतं, फक्त तो बसवायला माणूस नव्हता. अंधार पडायच्या आत बैठकीत गारवा झाला. अबू नासर त्या वाऱ्याखाली डोळे मिटून बराच वेळ बसला. मग डोळे न उघडता त्याने सांगितलं की व्हिसाचं काम उद्याच सुरू करू, जागा तुझी. मात्र यापुढे कुणी विचारलं तर अबू नासर म्हणताना आधी 'जिवंत' म्हणायचं.

इळंगो बाहेर पडला तर फाटकाशी खलफान उभे होते. वहिनीने तुला बोलावलंय, असं म्हणून ते त्याला मागच्या दाराशी घेऊन गेले. सुतकातल्या बाईने परक्या पुरुषासमोर यायचं नसतं, म्हणून दार लोटलेलंच होतं. आतून बाईचा आवाज यायचा आणि त्याचं हिंदी खलफान करायचे. बैठकीतलं सगळं बोलणं आत ऐकू गेलं होतं. शेजाऱ्यांच्या एसीचा खुलासा मात्र आत पोचायला बराच वेळ लागला होता.

इळंगोने खाली बघत पुन्हा पुन्हा माफी मागितली. तुम्हाला किती भीती वाटली असेल, असंही म्हणाला.

आतून लगेच उत्तर आलं.

"भीती कसली," खलफानांनी भाषांतर केलं. "ती म्हणते, हे तर हिवाळ्यातही उकडतंय म्हणून ओरडायचे, तिथे जाऊन काय गप्प बसणार? राग आला तो एवढ्याचाच, की फोन करायचा तर आधी मला का नाही केला."

खलफानांनी पुन्हा फेट्याचं टोक हातात घेतलं, पण या वेळी ते डोळ्यांना लावलं.

दार बोटभर उघडलं आणि हलव्याचा एक डबा बाहेर सरकला. मागोमाग आतून आणखी काहीतरी सांगण्यात आलं. आता आवाज खणखणीत होता, हुकूम सोडणाऱ्या बाईचा.

"उद्या सकाळी ये म्हणते," खलफान म्हणाले. "स्वयंपाकघरातला एसी गेल्या वर्षीपासून बंद आहे. माझ्या भावाला सांगून सांगून ती थकली होती."