वाघदऱ्याच्या उशिराची बखर

श्रीगणेशास नमन करून लिहिण्यास कारण ऐसे जे, राजूरच्या वरल्या डोंगरांतील मौजे वाघदरा येथील समस्त थोर-लहान मंडळींनी आज्ञा केली की, सकाळच्या गाडीच्या मोहिमेचा साद्यंत मजकूर लिहून ठेवावा, म्हणजे पुढील पिढ्यांस कळेल की फत्ते कशी जाहली आणि नाके कोणाकोणाची कापली गेली. त्यावरून हकीकत लिहिली, ती येणेप्रमाणे.

लाल गाडीची स्वारी रोज सकाळी घाट चढून येई, मारुतीपुढे वळसा घेई आणि राजुराकडे परत कूच करी. सारथ्य वाल्मिकराव ड्रायव्हर यांजकडे आणि मुखत्यारी कंडक्टर पूजाबाई यांजकडे. बाईंनी घंटीचे दोन टोल दिल्याविना चाक हलू नये, ऐसा सरकारी शिरस्ता. परंतु बाईंचा आपला शिरस्ता निराळा होता. वरल्या वाडीची लंकाबाई, डोईवर भाजीची पाटी, गुडघे फितूर जाहलेले, ती उतरण उतरून येईतो बाई टोल देत नसत, दारात उभ्या राहून पुसत, "लंकाबाई आली का?" आणि मग कोणाचे पोर, कोणाचे गाठोडे, कोणाचा राहिलेला डबा ऐसे येत जाई आणि गाडी उशिरा सुटे.

याच गावी यज्ञेश्वरपंत म्हणोन कचेरीतून निवृत्त जाहलेले गृहस्थ, घड्याळाचे कट्टे अभिमानी. एके दिवशी या उशिरापायी त्यांची नगरची गाडी राजुरास हुकली. पंत क्रोधायमान जाहले आणि दुसरे दिवशी त्यांनी मोबाईल उपसला. बाई दारात उभ्या, हाती कोणी प्रेमाने दिलेला चहा, एवढेच टिपून गावच्या ग्रुपावर सोडिले आणि वर लिहिले की, पगार सरकारचा, चहा जनतेचा, गाडी मर्जीची. मग काय पुसता! कोणी बाईंस फुकटी म्हणाले, कोणी कामचुकार म्हणाले, आणि ज्यांची गाठोडी बाईंनी थांबून नेली त्यांनीही मागेपुढे न पाहता अंगठे उठविले.

तो मजकूर फिरत फिरत बाईंच्या घरी पोचला, आणि लेक पार्थ याने भर जेवणात पुसिले की, आई, तू फुकटचा पगार घेतेस का? हा घाव वर्मी बसला. बाईंचा घास हातीच राहिला. हे लिहिताना लेखणीस लाज वाटते. सकाळी त्या वाल्मिकरावांस म्हणाल्या, "भाऊ, मी आगारातलं बैठं काम मागून घेते. मानसांची तोंडं बघायची न्हाईत मला आता."

तेव्हापासून बाई घड्याळाप्रमाणे वागू लागल्या. हाक नाही, हसू नाही. काटा जागेवर आला की दोन टोल. पहिल्याच दिवशी लंकाबाई पाटीसह उतरणीवर राहिली आणि भाजी जागीच सुकली. दुसरे दिवशी खासे यज्ञेश्वरपंत चष्मा आणावयास माघारी वळले, तोच टोल पडले, आणि पंत एक चप्पल पायी, एक हाती, ऐसे गाडीमागे दौडले. गाडी वक्तशीर होती आणि निम्मी रिकामी होती. वर बाई जाणार ही खबर फुटली, तेव्हा गावाचे धाबे दणाणले.

पारावर मसलत बसली. माफी कोणी मागावी, यावर सारे शूर एकमेकांमागे दडले. जो तो म्हणे, आपण तर नुसता अंगठा उठविला. तेव्हा लंकाबाई कडाडली, "म्या बी जल्मभर अंगठाच उठिवला, पन आदी कागद वाचून घेत हुते! आता अंगठं खाली घ्या अन् त्वांडानं बोला."

दुसरे दिवशी अवघा वाघदरा गाडीच्या आधी मारुतीपुढे हजर. पंतांनी पुढे होऊन चूक कबूल केली, आणि ग्रुपावर नव्हे, सर्वांदेखत केली. बाई इतकेच म्हणाल्या, "उशीर झाला ते दाखवलंत. कुनासाठी झाला, ते दाखवलं न्हाई." मंडळी गाडीत बसली, काटा जागेवर आला, बाईंचा हात घंटीच्या दोरीस गेला.

आणि लंकाबाईचा पत्ता नाही!

अवघ्या गाडीने घड्याळ पाहिले. पंतांस त्या दिवशीही नगर गाठावयाचे होते. त्यांनी एकवार काट्याकडे पाहिले, एकवार उतरणीकडे पाहिले, आणि मग उठून खाली उतरले व गाडीपुढे उभे ठाकले. म्हणाले, "थांबा. लंकाबाई यायच्या आहेत."

बाईंनी दोरी सोडिली. दारात आल्या, डोळे पुसले, आणि बहुत दिवसांनी हाक घातली, "आली का गं लंकाबाई?"

म्हातारी यथावकाश आली, पाटी आत ढकलली, साऱ्यांकडे डोळे वटारून म्हणाली, "का वं, अजून हितंच? येळेवर निघाया काय हुतं तुमाला?"

पूजाबाई खळखळून हसल्या आणि दोन टोल दिले.

येणेप्रमाणे गाडी उशिरा सुटली आणि मोहीम फत्ते जाहली. बैठ्या कामाचा विषय बाईंनी पुन्हा काढिला नाही. यज्ञेश्वरपंतांची नगरची गाडी त्याही दिवशी हुकली, परंतु त्यांनी त्याबद्दल कोठे एक अक्षर लिहिले नाही, हे सत्य जाणोन येथे नमूद केले असे.