पत्र्याला टेकलेल्या गोवऱ्या

गयाने डोक्यावरचा पदर काढला आणि तिची म्हैस बुजली. दावं तोडून समोरच्या उसात घुसली. गया गोठ्यात शेणातच बसली. डोक्यावर केस नाहीत, भुवयाही गेलेल्या. म्हणाली, "जाऊबाई, तिनंबी वळखलं न्हाई. मी न्हाई जायाची आता सलाईनला. बास झालं."

जाऊबाई म्हणजे मी. गया माझी धाकटी जाऊ. तिच्या छातीत गाठ झाली, ती कॅन्सरची निघाली. संगमनेरला एक बाजू काढून टाकली आणि पुढची औषधं सलाईनमधून सुरू झाली. मला वाटलं, आता ही अंथरूण धरणार. पण गया आजारी पडली तीही आपल्याच तऱ्हेने.

नर्सने सांगितलं होतं, चालत राहा आणि टाके सुकले की त्या बाजूचा हात भिंतीवरून वर वर न्या, नाहीतर खांदा आखडेल. रिकामा हात भिंतीवर फिरवायची गयाला लाज. "येड्यावानी भित कुरवाळू का?" मग तिने गोवऱ्या थापायला घेतल्या. हाताला जखम चालणार नव्हती, म्हणून रबरी मोजे घालून. रोज कालच्यापेक्षा जरा वर. भिंतीवर गोवऱ्या पत्र्याकडे चढायला लागल्या.

मी विचारलं, "आगं, येवढ्या उंच थापती, काढनार कोन?"

"काढायच्यात कशाला?"

मला काही कळेना. गोवरी काय शोभेला लावतात?

भेटायला येणाऱ्या बायकांची तर फजितीच. गळ्यात पडून रडायला आलेल्या बाईला गया टेकूच द्यायची नाही. "हला, हला! रडायचं तर चालता चालता रडा." आणि तिला डेअरीपर्यंत नेऊन आणायची. आमची नणंद अंगाने भारी. अर्ध्या वाटेत दगडावर बसली आणि म्हणाली, "वहिनी, आजारी कोन हाय, तू का मी?" मलाही तेव्हा नक्की सांगता आलं नसतं.

सलाईन घेऊन आली की उलट्या व्हायच्या, तोंड यायचं. तेवढे दिवस पडून राहायची. उठली की पुन्हा हला.

आणि अशी बाई एका म्हशीपायी अडून बसली. मी म्हणाले, "जनावर हाय ते. त्येच्यासाठी मरती का काय?"

सलाईनचा दिवस आला. भावजींनी, गयाच्या नवऱ्याने, गाडी दारात लावली. गया घरात नव्हती.

गोठ्यात सापडली. डोकं उघडं टाकून म्हशीसमोर उभी. म्हैस मान ताणून लांबूनच हुंगत होती. त्या म्हशीचं एक सड, म्हणजे दुधाचं आचळ, पूर्वी कास सुजून कायमचं गेलं होतं. व्यापारी दारात आला होता, तरी गयाने तिला विकू दिलं नव्हतं. का, ते मला तेव्हाही कळलं नव्हतं.

"तुजं सड गेलं तवा मी तुला इकलं का?" गया हळू आवाजात विचारत होती. "मग तू अशी बगू नको, बाय."

म्हैस पुढे सरकली आणि तिचं टक्कल चाटायला लागली. म्हशीची जीभ म्हणजे कानस. गयाच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण सगळ्यांना हला म्हणणारी बाई जागची हलली नाही.

मग तिने पदर घेतला. "चला जाऊबाई, गाडी खोळंबली. हला."

म्हैस गेल्या उन्हाळ्यात म्हातारपणाने मेली. गोवऱ्या पत्र्याला टेकल्यात, कोणी काढलेल्या नाहीत. गया आहे.