अखर्चित पोळा

गेल्या ऑगस्टमधले सतरा दिवस आमच्या तालुक्याला वेळेत मिळाले नाहीत, म्हणून ते मार्चपर्यंत तहसील कचेरीतल्या लोखंडी कपाटात पडून होते. कपाटाची किल्ली माझ्याकडे. मी बोरकुटे, सावळखेडा तहसीलचा अव्वल कारकून. दिवसांचं टेबल नऊ वर्षांपूर्वी माझ्या गळ्यात पडलं आणि तेव्हापासून ते कुणी मागितलेलं नाही.

दिवस जिल्ह्याहून हप्त्यानं येतात. ऑगस्टच्या हप्त्यावर ज्या साहेबांची सही लागते, ते वेळेच्या नियोजनाच्या प्रशिक्षणाला गेले होते आणि प्रशिक्षण लांबलं. आम्ही दहा ऑगस्टला रात्री झोपलो ते अठ्ठावीसला सकाळी उठलो. रात्रीचं दूध नासलेलं नव्हतं, म्हणजे मधे काही झालं नाही हे उघड होतं. कपाशी शेजारच्या तालुक्यापेक्षा सतरा दिवस मागे राहिली. स्वातंत्र्यदिन उत्साहात साजरा झाल्याचा अहवाल आम्ही नेहमीप्रमाणे एक तारखेलाच पाठवला होता, त्यामुळे त्याची चौकशी झाली नाही. पोळा मात्र राहिला. बैलांनी तक्रार केली नाही.

अठ्ठावीसला दुपारी जीपनं सतरा दिवसांचं गाठोडं आलं. तहसीलदार देवतळे साहेबांनी ते लाल फडक्यासकट कपाटात ठेवायला सांगितलं. वापराचे आदेश मागाहून येतील असं सोबतच्या पत्रात होतं. मागाहून म्हणजे कधी, हे विचारण्याची पद्धत नाही.

टेंभुरणीच्या कौतिकाबाई नेवारे सप्टेंबरात पहिल्यांदा आल्या. साठीच्या, उंच, आवाज खालच्या पट्टीतला. त्यांचा मुलगा सुखदेव सुरतेला साड्यांच्या कारखान्यात कामाला. वर्षातून एकदाच यायचा, पोळ्याला. सुरतेला दिवस नियमित येतात, म्हणून तो तिथल्या तारखेप्रमाणे निघाला. शेजारच्या तालुक्यातही दिवस व्यवस्थित होते. तिथून पोळ्याच्या दिवशी, बावीस ऑगस्टला, दुपारी तीन वाजता टेंभुरणीची बस तेवीस प्रवासी घेऊन सुटली, अशी तिथल्या आगारात नोंद आहे. साडेतीनला ती आमच्या शिवेच्या आत आली. आमच्याकडे बावीस ऑगस्ट नव्हता. बस त्या दिवसात शिरली, आणि तो दिवस जीपनं माझ्याकडे आला.

"म्हणजे माहा पोरगा तुमच्या कपाटात आहे," कौतिकाबाई म्हणाल्या.

मी कागद तपासले. त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

त्या दिवशी त्या कपाटाला कान लावून बसल्या. चार वाजून दहा मिनिटांनी आतून बसचा हॉर्न वाजला, दोनदा. खरं सांगायचं तर तो मी रोज ऐकत होतो आणि रस्त्यावरचा समजत होतो. त्या उठल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, टेंभुरणीचा फाटा आला, ड्रायव्हर तिथं वाजवतेच. मग घरी गेल्या. तेव्हापासून दर मंगळवारी, बाजाराच्या दिवशी, त्या येऊन बसायच्या आणि हॉर्न ऐकून जायच्या.

उघडा ना बाबू, असं त्या अधूनमधून म्हणायच्या. ते शक्य नव्हतं. दोन वर्षांपूर्वी पलीकडच्या तालुक्यातल्या एका कारकुनानं आदेशाशिवाय एक मंगळवार बाहेर काढला होता. तो पावसाचा निघाला आणि खळ्यात वाळत घातलेली अख्ख्या गावाची मिरची भिजली. तो कारकून अजून निलंबित आहे आणि त्याची बायको आमच्या बायकोला फोन करून रडते. मला निवृत्तीला वीस महिने होते. मला भीती वाटत होती, आणि ती नोकरीची होती, हे सांगून टाकलेलं बरं.

मार्च लागला तशी कचेरी घायकुतीला आली. एकतीस मार्चपर्यंत वापरले नाहीत तर शिल्लक दिवस परत जातात, आणि जेवढे परत जातात तेवढे पुढच्या वर्षीच्या मंजुरीतून कापले जातात. चार वर्षांपूर्वी आमचे नऊ कापले होते. तेव्हा दहावीच्या पोरांना भूगोल शिकवून होण्याआधीच भूगोलाचा पेपर द्यावा लागला होता. परत गेलेल्या दिवसांचं वर काय करतात, हे कुणालाच माहीत नाही.

पाच मार्चला मी टिपणी ठेवली. सतराही दिवस उद्यापासून ओळीनं वापरावेत, म्हणजे मार्चअखेरच्या आत ते संपतील. देवतळे साहेब वाईट माणूस नव्हेत. त्यांनी टिपणी दोनदा वाचली आणि जिल्ह्याकडे परवानगीला पाठवली. जिल्ह्यानं विचारलं, हे दिवस पावसाळ्याचे, ते उन्हाळ्यात वापरण्याचं कारण काय? आम्ही कारण कळवलं. जिल्ह्यानं लाभार्थ्यांची यादी मागितली. आम्ही तालुक्याची लोकसंख्या कळवली आणि बसमधले तेवीस वेगळे दाखवले. तेवीस जण नक्की आत आहेत याचा पुरावा मागवला गेला. मी कपाटाला कान लावून पंचनामा केला. या सगळ्यात मला झोप येईनाशी झाली. जेवताना हात मधेच थांबायचा आणि चार वाजले का म्हणून मी घड्याळ बघायचो.

गावोगावचे सरपंच वेगळेच हेलपाटे घालत होते. प्रत्येकाला पोळा पाहिजे होता. अकरा ऑगस्ट कुणालाच नको होता.

तीस मार्चला संध्याकाळी परवानगी आली. सतराही दिवस वापरण्यास मान्यता, मात्र एकतीस मार्चच्या आत. वरातीमागून घोडं, पण घोडं आलं होतं. आमच्या हातात एकच दिवस होता, आणि एका दिवसाच्या जागी एकच दिवस बसतो.

एकतीसला सकाळी कौतिकाबाई दारातच होत्या. त्यांना कुणी सांगितलं देव जाणे. मी त्यांना साहेबांपुढे नेलं.

"एकच दिवस द्या, साहेब," त्या म्हणाल्या. "मले बाकीचे सोळा नाई पाहिजेत."

साहेबांनी त्यांना बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. मग शांतपणे समजावून सांगितलं. आज पोळा काढला तर बस येईल, मुलगा घरी जाईल. पण सोळा दिवस परत जातील आणि पुढच्या वर्षी सव्वा लाख माणसांचे सोळा दिवस कापले जातील. शिवाय आजचा एकतीस मार्च राहणार नाही, तर मग वापराच्या दाखल्यावर तारीख कोणती घालायची? त्यापेक्षा सतराही दिवस कागदावर वापरलेले दाखवले, तर तालुक्याचं नुकसान होत नाही. वापरलेला दिवस परत मागवता येत नाही, म्हणून गाठोडं इथंच राहील. फक्त ते नाही असं धरावं लागेल आणि कपाट पुन्हा उघडता येणार नाही.

साहेबांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मी तेव्हापासून त्यात चूक शोधतोय, अजून सापडलेली नाही.

बसमधले तेवीस वेगळे दाखवल्यामुळे पोळ्याच्या दिवसासाठी मात्र एका लाभार्थ्याची सही लागत होती. सही नसेल तर तेवढा दिवस परत जिल्ह्याला. कौतिकाबाईंनी चहा संपवला. जिल्ह्याला कोण कान लावून बसते, असं त्या स्वतःशीच बोलल्या. मग मला म्हणाल्या, "इथं तरी आवाज येते. लिवा, बाबू."

मी नोंदवही घेऊन बसलो. दुपारपर्यंत अकरा ते एकवीस ऑगस्ट भरून झाले. सूर्योदय, सूर्यास्त, पाऊस, ठळक घटना. मी बरा पाऊस पाडला, कपाशीला लागतोच. बावीसच्या पानाला त्या खुर्ची ओढून जवळ बसल्या.

बस चार दहाला फाट्यावर, चार वीसला गावात, असं मी लिहिलं. सुखदेव उतरला. जेवणाच्या रकान्यात पुरणपोळी लिहिली.

"पुरणपोळी नोका लिवू," त्या म्हणाल्या. "गोडानं त्याची दाढ ठणकते. वडे लिवा. वडे अन् कढी."

मी खाडाखोड केली आणि बाजूला सही केली. किती वडे, मी विचारलं. आठ, त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदा थोडं हसल्या. त्यानं बैल धुतले का, तेही लिहा म्हणाल्या. मी बैल धुतल्याचं लिहिलं. शिंगांना बेगड लावल्याचंही लिहिलं, ते त्यांनी सांगितलं नव्हतं. माझे डोळे भरून आले होते आणि नोंदवहीवर पाणी पडू द्यायचं नसतं, म्हणून मी चष्मा पुसत बसलो.

शेवटचा रकाना परतीचा होता. परत गेल्याचा दिनांक व वेळ.

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. मी रकाना कोरा ठेवला. त्यांनी खाली सही केली, एकेक अक्षर वेगळं. चार वाजून दहा मिनिटांनी हॉर्न वाजला. साहेबांनी, मी आणि त्यांनी तो ऐकला नाही.

एक एप्रिलला आमचा नवा हप्ता पूर्ण आला. साहेबांची बदली झाली. जूनमध्ये तपासणी पथकानं एकच आक्षेप काढला: बावीस ऑगस्टच्या नोंदीत आलेला इसम परत गेल्याचं दिसत नाही, तरी तो सध्या कोठे आहे याचा खुलासा व्हावा. मी खुलासा दिला: घरी. तो मान्य झाला.

कौतिकाबाई त्यानंतर कचेरीत आल्या नाहीत. एकदा बाजारात भेटल्या तेव्हा मीच विचारलं. घरी असलेल्या पोराले कचेरीत कायले पाहू, म्हणाल्या. त्यांच्या पिशवीत दोन माणसांची भाजी होती.

मला निवृत्तीला आता अकरा महिने आहेत. टेबल तेच आहे, किल्ली माझ्याकडेच आहे. रोज चार वाजून आठ मिनिटं झाली की मी उठतो आणि पाणी प्यायला बाहेर जातो.