गुरुजींनी दिलेले नऊ गुण

एका जंगलात सगळे प्राणी पायी चालत आणि वेळेवर पोचत. हसू नका मुलांनो, असाही काळ होता. मग सोंडेराव हत्तीनं तिथे गाड्यांचा कारखाना काढला आणि सगळ्यांना उशीर होऊ लागला.

सोंडेराव गाड्या बनवी, पण त्या विकायला दारोदार जाणं त्याला शोभलं नसतं. म्हणून त्यानं प्रत्येक पाणवठ्यावर एकेकाला एजन्सी दिली. करवंदीच्या पाणवठ्यावरची एजन्सी गेनूशेठ अस्वलाकडे होती.

गेनूशेठ गाडी देताना नारळ फोडी, चाकाखाली लिंबू ठेवी, गिऱ्हाइकाच्या हातात पुठ्ठ्याची भली मोठी किल्ली देऊन फोटो काढी. पुढे गाडी कुठेही बंद पडली की पाना घेऊन स्वतः धावे. गिऱ्हाइकानं भलतीकडे गाडी घालून मोडून ठेवलेली असे, तरी गेनूशेठ म्हणे, "होतं असं. रस्ताच वाईट आहे."

एके दिवशी सोंडेरावाचा हुकूम आला. सगळी दुकानं एकसारखी दिसली पाहिजेत. काचेच्या भिंती हव्यात, गुळगुळीत फरशी हवी, दारात कारंजं हवं. गेनूशेठनं आपली मधाची झाडं माकडांना विकून टाकली आणि काचेचं दुकान उभं केलं. पाखरं काचेवर आपटू लागली, पण हुकूम म्हणजे हुकूम. आता त्याच्याकडे या एजन्सीशिवाय काहीच उरलं नव्हतं.

काच जेमतेम बसली, तोच सोंडेराव दूरच्या एका जंगलात फिरून आला. मोठी मंडळी दूर फिरून आली की जवळच्यांनी जरा जपून राहावं.

"तिकडे दुकानं फार थोडी आहेत," सोंडेराव म्हणाला. "आपल्याकडे उगाच सुळसुळाट झालाय. निम्मी बंद करा."

"कुठली निम्मी, साहेब?" बगळेसाहेबांनी विचारलं. बगळेसाहेब हे कारखान्याचे मोठे अधिकारी. कुठल्याही कामाला एका पायावर तयार.

"ते गिऱ्हाइकांनाच ठरवू द्या. म्हणजे आपल्या अंगावर येणार नाही."

मग पोपट नेमले गेले. पोपटांनी घरोघर जायचं आणि गाडी घेणाऱ्याला विचारायचं, तुमच्या विक्रेत्याला दहापैकी किती गुण द्याल? हा नियम समजावून सांगायला बगळेसाहेब स्वतः गेनूशेठकडे आले.

"दहा दिले म्हणजे गिऱ्हाईक खूश. नऊ दिले म्हणजे नाराज."

"आणि आठ, साहेब?"

"आठही नाराज. नवाच्या खालचे सगळे नाराजच."

"मग खालचे आकडे ठेवलेत कशाला?"

"गिऱ्हाइकाला निवड असावी म्हणून," बगळेसाहेब म्हणाले. "तुमचं एक जरी गिऱ्हाईक नाराज निघालं, तरी एजन्सी बंद. आमची कुणाशी दुश्मनी नाही."

पलीकडच्या पाणवठ्यावर रंगराव लांडग्याची एजन्सी होती. त्याला हा नियम एका दमात कळला. तो गाडी तीन चाकांवर देऊ लागला. चौथं चाक पोपटाला दहा सांगितल्यावर. त्याचं एकही गिऱ्हाईक नाराज नव्हतं.

गेनूशेठला मात्र गुण मागायची लाज वाटे. "भीक मागितल्यासारखं होतं गं," तो बायकोला म्हणाला.

"होऊ द्या," सुंद्राबाई म्हणाली. "झाडं गेलीत आपली. मागा."

तो मागू लागला. सशानं दहा दिले. हरणीनं दहा दिले. रानडुकरानं तर अकरा दिले, पण पोपटाला अकरा पाठ नव्हते, म्हणून त्यानं ते दहाच धरले.

राहिले कासव गुरुजी.

गुरुजींनी अख्ख्या जंगलाला शिकवलं होतं. पिढ्यान् पिढ्या त्यांच्या हाताखालून गेल्या, पण सहाच्या वर त्यांनी कुणाला गुण दिले नाहीत. पूर्ण गुण दिले की पोर शिकायचं थांबतं, असं ते म्हणत. त्यांच्याकडे गुण मागायची हिंमत गेनूशेठला शाळेत असतानाही झाली नव्हती. आताही झाली नाही.

त्यातच गुरुजींची गाडी ओढ्यात रुतली. त्या दिवशी गेनूशेठच्या मुलीचा साखरपुडा होता. पाहुणे पंगतीला बसले होते. निरोप येताच गेनूशेठ नव्या धोतरानिशी उठला, चिखलात उतरला, खांदा लावून गाडी बाहेर काढली. मग गुरुजींना दुकानात बसवून चहा दिला आणि तेवढ्यात चाक दुरुस्त केलं. गुरुजींचे डोळे भरून आले, आणि चाक नीट बसलंय की नाही ते पाहण्याच्या निमित्तानं त्यांनी मान वळवली.

दुसऱ्या दिवशी पोपट आला. "दहापैकी किती?"

गुरुजींनी पुष्कळ विचार केला. मग कापऱ्या आवाजात म्हणाले, "नऊ."

"नाराजीचं कारण?"

"नाराजी? अरे गाढवा, उभ्या आयुष्यात मी कुणाला नऊ दिले नाहीत!"

"नाराजीचं कारण," पोपट म्हणाला. "विक्रेता उद्धट होता, गाडी मळकी होती, चहा गार होता. तिन्हींपैकी एक सांगा."

गुरुजी खरं तेच बोलत. त्यांनी आठवून पाहिलं. "चहा किंचित कोमट होता खरा," ते म्हणाले.

मग काठी टेकत ते थेट करवंदीच्या पाणवठ्यावर गेले. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. त्या सगळ्यांसमोर त्यांनी गेनूशेठच्या पाठीवर हात ठेवला. "गेन्या, आज मी तुला नऊ दिले. शाळेत नुसता धपाटे खायचास. नाव काढलंस रे!"

गेनूशेठच्या तोंडचं पाणी पळालं. पण गुरुजींचा चेहरा असा काही फुलला होता, की त्याला काही सांगवेना. तो वाकून पाया पडला.

दुपारी बगळेसाहेब पाटी उतरवायला आले.

"साहेब, ते नऊ गुरुजींचे आहेत हो," गेनूशेठ म्हणाला. "तुम्हीही त्यांच्याच हाताखाली शिकलात. तुम्हाला किती द्यायचे?"

"तीन," बगळेसाहेब हळूच म्हणाले. आणि पाटी काढून घेऊन गेले.

चार दिवसांनी गुरुजी सहज म्हणून आले, तर काचेचं दुकान रिकामं. दारात सुंद्राबाई बसली होती.

"गुरुजी, राग मानू नका," ती म्हणाली. "हे तुम्हाला मेले तरी सांगायचे नाहीत, म्हणून मी सांगते. तुमच्या नवामुळे आमची एजन्सी गेली." आणि तिनं सगळा नियम सांगितला.

गुरुजी तिथूनच कारखान्याच्या वाटेला लागले. गाडी घेतली नाही. तिच्यात बसायला त्यांचं मन होईना.

गुरुजींना पाहताच सोंडेराव उठून उभा राहिला. "गुरुजी! गणितात तुम्ही मला दोन दिले होते."

"तुझी वजाबाकी कच्ची होती."

"आता बघा माझी वजाबाकी! निम्मी दुकानं कमी केली. तुमचं काम मागाहून ऐकतो, आधी माझ्या योजनेला गुण द्या. दहापैकी किती?"

मुलांनो, गुरुजींच्या मते त्या योजनेला दोनसुद्धा जास्त होते. पण आता त्यांना नियम ठाऊक होता. दहाला एक जरी कमी दिला तर सोंडेराव नाराज होणार, आणि नाराज सोंडेराव गेन्याला काय एजन्सी परत देणार? गुरुजींनी डोळे मिटले आणि जन्मात पहिल्यांदा खोटं बोलले.

"दहा."

सोंडेरावाला हुंदका आवरेना. "ऐकलंत बगळेसाहेब? गुरुजींनी दहा दिले! आणि गुरुजी कधी खोटं बोलत नाहीत. मग निम्मीच का? उरलेलीही बंद करून टाका!"

"अरे सोंड्या, पण गेनूच्या एजन्सीचं..."

"गुरुजींची काही तक्रार आहे का?" सोंडेरावानं डोळे पुसत विचारलं.

"दहा दिलेत, साहेब. म्हणजे तक्रार नाही," बगळेसाहेब म्हणाले. पोपटानं गुरुजींना अदबीनं दार दाखवलं.

गुरुजी पायी निघालेत हे ऐकून गेनूशेठ त्यांना शोधत आला होता. तो वाटेतच भेटला.

"काय म्हणाले सोंडेराव?"

"योजनेला किती गुण, म्हणून विचारलं."

"मग?"

"दहा दिले."

गेनूशेठ चालता चालता थांबला. "मग मला का नाही दिलेत, गुरुजी?"

गुरुजींनी मान कवचात ओढून घेतली. "तुझ्याशी खोटं बोलवेना रे," ते आतून म्हणाले.

तात्पर्य : मुलांनो, खोटं बोलण्याची सवय लहानपणापासून ठेवावी. म्हातारपणी पहिल्यांदाच खोटं बोलायला गेलं, की मोठी माणसं ते खरं मानतात.