जाळी बांधण्याचा मान

"दुकान घाला, खुशाल घाला. पन कुनाचा मान चुकवू नका." बाबल्यामामंजी शेवटच्या आजारात अंथरुणावरून एवढंच सांगून गेले. त्यांच्या धाकट्या सुनेच्या, सगुणेच्या, कानात तो आवाज राहिला तो राहिलाच.

मोडलेली वस्तू दुरुस्त होते, मोडलेला मान होत नाही. हे सत्य रत्नागिरीकडे कुणाला शिकवावं लागत नाही. शिमग्यात पालखीला पहिला खांदा कुणाचा, हे ठरेपर्यंत इथे देवाला अंगणात तिष्ठत ठेवतात. (देव काही बोलत नाही. तो देव आहे.) जो नियम देवाला लागू, तो गॅसबत्तीला का नसावा?

सगुणेचा नवरा केरू मुंबईत बत्त्यांच्या दुकानात हात काळे करून परतला होता. पहिली निवडणूक होऊन गेली त्या सालात त्याने बाजाराच्या टोकाला खोपटं घेतलं आणि पाटी लावली, 'गॅसबत्ती दुरुस्ती, घरचा कारभार'. पाटीतले शेवटचे दोन शब्द थोरले बंधू शिवाभाऊजी यांनी घालायला लावले, आणि पुढे ते अक्षरशः पाळलेही.

दुकानाचा नारळ फुटायच्या आधीच मानाची वाटणी झाली. बत्तीचा पंप उघडण्याचा मान थोरल्या घरचा, म्हणजे शिवाभाऊजींचा. काच पुसण्याचा मान त्यांच्या बायकोचा, काशीजाऊंचा. आलेल्या बत्तीला हळदकुंकू लावण्याचा मान सगुणेचा. पिन काढणं, वायसर बदलणं, टाकी साफ करणं ही खरी दुरुस्ती, पण तिने हात बरबटतात. त्यामुळे तो मान कुणीच मागितला नाही आणि तो केरूच्या वाट्याला आला. राहिली जाळी. पेटल्यावर उजेड पडतो तो या रेशमी जाळीचा, म्हणून ती बांधण्याचा मान सर्वांत मोठा. तो चुलतघरच्या भागोजीला दिला, नाहीतर चुलतघर रुसलं असतं.

भागोजी मुंबईत गिरणीत होता. तो गणपतीला आणि शिमग्याला येई. यात अडचण अशी कुणाला दिसली नाही, कारण पालखीचे मानकरीसुद्धा मुंबईतच असतात.

दुकान फार उत्तम चाललं. वर्षअखेरीस हिशेब केला, तर दुरुस्त होऊन गेलेली एकही बत्ती पुन्हा बिघडून परत आली नव्हती. (गेलीच नव्हती.) आढ्याला ओळीने बत्त्या टांगलेल्या असत, प्रत्येकीला कुंकू, प्रत्येकीची काच लख्ख. येणारेजाणारे थांबून बघत. अख्ख्या तालुक्यात इतक्या बत्त्या एका छपराखाली कुठे नव्हत्या. तिन्हीसांजेला मात्र दुकानात मिणमिणती चिमणी लावावी लागे.

मार्गशीर्षात खाडीपलीकडच्या पूर्णगडची खतिजाबी दारात येऊन उभी राहिली. तिच्या बत्तीला कुंकू लावताना सगुणेने शब्द दिला होता, तुमच्या लेकीच्या, जन्नतच्या, निकाहाच्या आत बत्ती तुमच्या ओट्यावर. आणि निकाह आता येत्या शुक्रवारी, रात्रीच्या नमाजानंतर होता.

"काय गो सगुणा, झाली माजी बत्ती?"

"झाली, खतिजाबी. जाळी तेवडी राह्यलीय."

"मग बांध की!"

"भागोजीभाऊजींचा मान हाय तो. शिमग्याला येतील."

"अगो, शिमग्यापर्यंत नवऱ्याला काय काळोखात बसवू? गलबतावरचा मानूस तो, त्याला परत जायाचंय."

"शेजारची बत्ती मिळंल नाय एक रातीपुरती?"

खतिजाबीने नुसतं वर बोट केलं. शेजारची बत्ती आढ्याला होती. तिच्या पलीकडच्या घरचीही तिथेच होती.

"माज्या पोरीनं तोंड उघडून एकच मागितलंन," खतिजाबी हळू आवाजात म्हणाली. "अम्मी, उजेड असू दे. सासरच्या बायका माजं तोंड बघतील नि मी पन त्यांची बघीन. आता तूच सांग तिला काय ते." आणि ती निघून गेली.

सगुणेने विषय घरात काढला. शिवाभाऊजींनी तो अत्यंत गांभीर्याने घेतला आणि बैठक बोलावली. बत्ती बोटीने मुंबईला पाठवून भागोजीचा हात लावून आणावी, असं ठरलं. बोटीवरच्या ओळखीच्या माणसाबरोबर निरोप गेला. दुसऱ्या बोटीने उत्तर आलं, की चाळीत मान घेण्याची आपल्या घराण्याची पद्धत नाही, आणि समोर नारळ नसेल तर मुळीच नाही. बैठकीला हे उत्तर फार आवडलं. "ह्याला म्हनतात घरंदाज मानूस," शिवाभाऊजी म्हणाले, आणि सगळे जेवायला उठले.

सगुणेचा त्या दिवशी मार्गशीर्षातला गुरुवार होता. तिने घट मांडला, कहाणी वाचली, शेजारणीला वाण दिलं. मग देवीसमोर बराच वेळ हात जोडून बसली. तिने काय सांगितलं ते देवीला ठाऊक. काशीजाऊंनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "काय नाय हो बाय, उद्याचं जरा काम होतं, ते सांगून ठेवलं."

शुक्रवारी उजाडता उजाडता तिने तुळशीला पाणी घातलं, आढ्यावरची खतिजाबीची बत्ती काढली आणि जुन्या लुगड्यात गुंडाळली. नव्या जाळीचं पाकीट कनवटीला खोचलं. जाळी घरी बांधून पेटवली, तर वाटेतल्या हिसक्याने तिची राख होते. म्हणून ती पूर्णगडातच बांधायला हवी, हे तिने केरूच्या शेजारी बसून कधीच बघून ठेवलं होतं.

केरू दारात दात घासत होता. त्याने बायकोकडे पाहिलं, गाठोड्याकडे पाहिलं.

"मी काय बगितलं नाय," तो म्हणाला. आणि चूळ भरून, "दोरा दोनदा गुंडाळ."

आता एक नाजूक प्रश्न उरतो. सगुणेने जाळी बांधली, तर भागोजीच्या मानाचं काय? चुलतघराची समजूत कोण घालणार, आणि पुढच्या पिढीत हा मान सुनेकडे जाणार की लेकीकडे? ज्या वाचकांच्या मनात हे आधीच येऊन गेलं असेल, त्यांचं शिवाभाऊजींना कौतुक आहे. अशी माणसं त्यांना पुढच्या बैठकीला हवीच आहेत. जन्नतला उजेड मिळाला का, एवढंच ज्यांना विचारायचं होतं, त्यांनी दुकानात येऊ नये. त्यांना तिथला कारभार कळायचा नाही.

खाडीकाठी तरीवाल्याने हाक घातली. सगुणेने गाठोडं पोटाशी धरलं आणि ती होडीत जाऊन बसली.