चित्राला नाक लावू नये

एका जंगलात, मुलांनो, एक अस्वलीण चित्रं काढायची. तिच्या चित्रात ना झाड, ना पान. नुसते करडे फराटे आणि मधेच एक लाल ओरखडा.

आता नीट ऐका. त्या जंगलात झाडांनी भरलेली एक टेकडी होती. सिंहमहाराजांना तिथे विश्रामगृह हवं होतं. एका दुपारी टेकडी पेटली. अस्वलिणीचं पिल्लू तिथल्या गुहेत होतं.

दरबाराने दवंडी पिटली, की टेकडी पहिल्यापासून बोडकीच होती. आता जी टेकडी जळलीच नाही, तिथे पिल्लू कसं मरेल?

अस्वलिणीला एवढंच हवं होतं, की कुणीतरी म्हणावं, ‘हो, तुझं पिल्लू होतं.’ तिने टेकडीवरची राख आणली, डिंकात कालवली आणि पंजाने चित्र काढलं.

जंगलात प्रदर्शन भरलं. कलासमितीचे अध्यक्ष कोल्हेसाहेब दहा पावलांवर उभे राहिले. डोळे बारीक केले.

“वा, बाई! काय अमूर्त आहे!”

“टेकडी आहे, साहेब. जळताना.”

“छे छे! असं सांगायचं नसतं. हे शून्य आहे.”

“अहो, माझं पिल्लू आहे त्यात.”

“फार व्यक्तिगत होतंय. वैश्विक ठेवा.”

पहिलं बक्षीस जाहीर झालं. महाराजही खूश. ज्यात काही दिसत नाही, ते चित्र दरबाराला फार आवडतं.

मग हरिणी आली. तिला कलेतलं काही कळत नव्हतं. तिने आपलं सवयीने चित्राला नाक लावलं आणि पुन्हा एकदा हुंगलं.

“अगं ताई, ही तर आपली टेकडी! माझी सासू गेली तिथे.”

“आणि माझं पिल्लू,” अस्वलीण म्हणाली.

“होतं की! कानावर पांढरा ठिपका होता. माझ्या पाडसांना दमवायचं मेलं.”

अस्वलीण रडली. मग सशाने हुंगलं, साळिंदराने हुंगलं. रांग लागली. “पेटवली कुणी रे?” रानडुकराने मोठ्यांदा विचारलं.

समितीची तातडीची बैठक झाली. ठराव एकमताने मंजूर: कलेचा आस्वाद डोळ्यांनी घ्यावा, नाकाने घेणं असंस्कृत. चित्रापासून दहा हातांवर दोरी बांधली. दोरीपाशी तरस उभा केला.

सकाळी अस्वलीण आली.

“मागे व्हा, बाई.”

“अरे, चित्र माझं आहे!”

“मग? तुमचंच कौतुक चाललंय. मागे राहून ऐका.”

तात्पर्य: मुलांनो, चित्र नेहमी लांबूनच पाहावं. जवळ गेलं, की ते कळतं.